‘स्वयम्’वर नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना वाट दाखवताना

महाविद्यालयात ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाचे समन्वयक म्हणून ज्यांची नुकतीच नेमणूक झाली आहे असे प्राध्यापक, ग्रंथालयात किंवा संगणक कक्षात बसून विद्यार्थ्यांच्या अडचणी सोडवणारे कर्मचारी, आणि वाडी-तांड्यावर चार बुके जास्त शिकलेली म्हणून जिच्याकडे शेजारची मुले मोबाइल घेऊन येतात अशी एखादी ताई, या सर्वांसाठी हा लेख आहे. संकेतस्थळ स्वतःला वापरता येणे आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते वापरायला शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि येथे दुसऱ्या कामाचाच विचार केला आहे.

केंद्र शासनाने ९ जुलै २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘स्वयम्’वर इयत्ता नववीपासून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे अभ्यासक्रम आहेत. शिकण्यासाठी पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी जास्तीत जास्त ४० टक्के अभ्यासक्रम अशा मार्गाने पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठाला देता येते. म्हणूनच एरवी या वाटेला न जाणारे कला आणि वाणिज्य शाखांचे विद्यार्थीही आता मोठ्या संख्येने इकडे वळत आहेत.

विद्यार्थी व्याख्यान समजले नाही म्हणून सोडून जातो, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बहुतेक जण व्याख्यानापर्यंत पोहोचण्याआधीच किंवा व्याख्याने संपल्यानंतर गळतात: कोणाचा पासवर्ड हरवतो, कोणाचा परीक्षेचा अर्ज राहतो, कोणाच्या नावात चूक निघते. मदत करणाऱ्याने आपला बहुतांश वेळ या अवतीभवतीच्या गोष्टींवर खर्च करावा आणि माउस शक्यतो विद्यार्थ्याच्याच हातात ठेवावा. आपण भराभर भरून दिलेला अर्ज त्या दिवशी वेळ वाचवतो, परंतु पुढे प्रत्येक टप्प्यावर तोच विद्यार्थी पुन्हा आपल्यासमोर येऊन उभा राहतो, कारण कोठे काय आहे हे त्याने पाहिलेलेच नसते.

पहिले काम: खाते कोणाचे आहे ते तपासणे

तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात किंवा नेट कॅफेत शिष्यवृत्तीचा, बसच्या पासाचा, प्रवेशाचा असे सगळे अर्ज भरून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तेथे बहुधा दुकानदारच विद्यार्थ्याच्या नावाने एक ई-मेल खाते उघडतो, त्याला स्वतःला लक्षात राहील असा पासवर्ड ठेवतो, आणि पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडणारा मोबाइल क्रमांकही कधी कधी आपलाच देतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो मेल म्हणजे अर्जावर लिहायची एक ओळ असते. ‘स्वयम्’वर असे चालत नाही. येथे वर्षभर त्याच खात्याने आत जावे लागते. सूचना, हॉल तिकीट आणि निकालाची खबर त्याच मेलवर येते.

त्यामुळे ‘स्वयम्’ उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर त्याचा मेल उघडून दाखवायला सांगावे. तो उघडता आला नाही तर आधी नवीन खाते काढावे, ते चालू राहणाऱ्या क्रमांकाशी जोडावे, आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्याच हाताने लिहून घ्यावा. पासवर्ड लिहून ठेवू नये हा सल्ला शहरातल्या कार्यालयासाठी ठीक आहे. ज्याच्या घरी एकच मोबाइल चौघांत फिरतो त्याच्यासाठी ट्रंकेत ठेवलेली वही जास्त भरवशाची आहे.

मोबाइल क्रमांकाचा प्रश्न बीड, जालना, परभणी या भागांत अधिक टोकदार होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याच्या बँक खात्याला जोडलेला क्रमांक बहुधा वडिलांचा असतो. दसरा-दिवाळीनंतर टोळी मुकादमाबरोबर कारखान्यावर गेली की मोबाइलही फडावर जातो आणि मार्चच्या आसपास परततो. जानेवारीच्या सत्रातील परीक्षेचा अर्ज आणि त्याचे शुल्क नेमके याच काळात भरायचे असते. ओटीपी येतो सांगली किंवा कोल्हापूरच्या उसाच्या फडात, जेथे भर दुपारी मोबाइल पाहायला कोणाला सवड नसते, आणि इकडे मुलगा संगणकासमोर बसून राहतो. अशा विद्यार्थ्यांची यादी सत्राच्या सुरुवातीलाच करावी, त्यांचे मेलचे खाते वसतिगृहात जवळ राहणाऱ्या क्रमांकाला जोडावे, आणि पैसे भरायच्या दिवशी कोणती वेळ सोयीची हे वडिलांशी आधी बोलून ठेवायला सांगावे.

लॉगिन आणि नाव

‘स्वयम्’वर गूगलच्या खात्याने आत जाता येते किंवा वेगळे खाते काढता येते. नवख्यासाठी पहिला मार्ग सोपा आहे, कारण आणखी एक पासवर्ड सांभाळावा लागत नाही. मात्र एकाच मोबाइलवर भावाचे आणि स्वतःचे अशी दोन खाती असतील तर नोंदणी एका खात्याने होते, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच खात्याने पान उघडते, आणि ‘सर, माझा कोर्सच गायब झाला’ अशी तक्रार येते. त्या वेळी कोर्स शोधू नये. वरच्या कोपऱ्यातील खात्याच्या चिन्हावर बोट ठेवून आत कोण आले आहे ते आधी पाहावे. दहातील बहुतेक तक्रारी तेथेच मिटतात.

नाव लिहिताना घाई करू नये. आपल्या गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी येते, आधार कार्डावर ते शेवटी असते, आणि मोबाइलमधील गूगल खात्यावर ‘किंग’, ‘पाटील साहेब’ असे काहीही असू शकते. प्रमाणपत्रावर अर्जात लिहिलेलेच नाव छापून येते, आणि परीक्षा केंद्रावर ते ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते. नाव इंग्रजीत लिहिताना वडिलांच्या नावात ‘राव’ जोडायचे की नाही, आडनावाच्या शेवटी एक ए की दोन, हे आधार कार्ड समोर ठेवून अक्षर-अक्षर जुळवावे. आधार आणि गुणपत्रिका यांतच फरक असेल तर परीक्षा विभागाला विचारून एकच रूप ठरवावे आणि पुढे सगळीकडे तेच वापरावे. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) ज्यात जमा होतात आणि ज्याचा बारा अंकी क्रमांक विद्यापीठ मागते ते, डिजिलॉकरमधून याच बैठकीत काढून घेतल्यास नावातील तफावत लगेच समोर येते.

माहिती भरताना महाविद्यालयाचे नाव विचारले जाते. तेथे नाव हाताने टाइप न करता यादीतून निवडायला लावावे. एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाच्या बाबतीत अनेक महाविद्यालये ‘लोकल चॅप्टर’ (स्थानिक केंद्र) म्हणून नोंदलेली आहेत. विद्यार्थ्याने यादीतून तेच नाव निवडले असेल तरच त्याची प्रगती समन्वयकाला पाहता येते.

अभ्यासक्रम निवडणे

येथे विद्यार्थी सर्वांत जास्त उत्साही असतो आणि समन्वयकाला सर्वांत जास्त आवर घालावा लागतो. पाच-सहा विषयांसमोर ‘जॉइन’ दाबण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून मुले दाबत सुटतात. नवख्याने एका सत्रात एकच विषय घ्यावा, असे माझे मत आहे.

श्रेयांकासाठी विषय घ्यायचा असेल तर तो आपल्या विद्यापीठाला मान्य आहे का, हे ‘जॉइन’ करण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. मराठवाड्यात यातही गोंधळ होतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील पारंपरिक महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीतील महाविद्यालये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये मात्र रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या विद्यापीठांच्या नावांतील साम्यामुळे व्हॉट्सअॅपवर एकाचे परिपत्रक दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत जाते आणि मुले भलतीच यादी पाहून विषय निवडतात. परिपत्रकाच्या शीर्षावरील नाव शेवटपर्यंत वाचायची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

अभ्यासक्रमाच्या पानावर पाहायच्या चार गोष्टी म्हणजे कालावधी, श्रेयांक, भाषा आणि तो चालवणारी संस्था. एनपीटीईएलचा चार आठवड्यांचा अभ्यासक्रम सामान्यतः एका, आठ आठवड्यांचा दोन आणि बारा आठवड्यांचा तीन श्रेयांकांचा असतो. चालवणाऱ्या संस्थेकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि पुढे परीक्षेचा अर्ज कोणत्या संकेतस्थळावर भरायचा हे तीवरच ठरते. अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाचे बरेच विषय एनपीटीईएलचे असतात. त्यांची परीक्षा एनपीटीईएल स्वतः घेते. पदवीचे इतर विषय सीईसीकडे (कन्सोर्टियम फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन), पदव्युत्तर विषय यूजीसीकडे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडे, काही इग्नूकडे म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडे असतात, आणि त्यांची परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए घेते. निवडलेल्या विषयासमोर यांपैकी कोणाचे नाव आहे ते विद्यार्थ्याने वहीत पासवर्डच्या खालीच लिहून ठेवावे.

निवड पक्की करण्यापूर्वी पहिले व्याख्यान दहा मिनिटे ऐकायला लावावे. शिक्षकांचे इंग्रजी उच्चार आणि बोलण्याचा वेग झेपतो का, हे त्यातच कळते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखी एक गोष्ट म्हणजे एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांच्या व्याख्यानांचे लिखित मराठी भाषांतर त्यांच्या मूळ संकेतस्थळावर मिळते. ते प्रत्येक विषयाला नसते आणि काही ठिकाणी भाषा खडबडीत वाटते, तरी व्याख्यान ऐकताना शेजारी ठेवायला उपयोगी पडते.

‘जॉइन’ म्हणजे परीक्षेचा अर्ज नव्हे

या लेखातील एकच भाग फलकावर लावायचा झाला, तर हा लावावा. अभ्यासक्रमाला ‘जॉइन’ केल्याने फक्त वर्गात प्रवेश मिळतो. परीक्षेसाठी वेगळा अर्ज वेगळ्या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते. दोन्हींच्या मुदतीही निरनिराळ्या असतात. एनपीटीईएलच्या परीक्षेचा अर्ज ज्या मेलने ‘जॉइन’ केले त्याच मेलने भरावा लागतो. मेल बदलला तर बारा आठवडे सोडवलेल्या स्वाध्यायांचे गुण परीक्षेशी जुळत नाहीत.

बारावीपर्यंत शाळेने हजेरीपटावरून परीक्षेचे अर्ज आपोआप भरून घेतलेले असल्यामुळे विद्यार्थ्याला ही दोन वेगळी कामे आहेत हे सुचतच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून ‘जॉइन’ केल्याच्या दिवशीच परीक्षेच्या अर्जाची अंतिम तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून घ्यावी आणि त्याआधी एक आठवड्याची दुसरी आठवण लावावी. शुल्क भरून झाल्यावर पावतीचा स्क्रीनशॉट पुरेसा मानू नये. पावती स्वतःच्या मेलवर आली आहे हे उघडून पाहावे. पैसे खात्यातून गेले आणि अर्जावर मात्र शुल्क बाकी दिसते असे झाले, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी व्यवहाराची नोंद घेऊन थोडे थांबावे.

आत गेल्यावर

पहिल्या आठवड्यात संपूर्ण गटाला एकत्र बसवून अभ्यासक्रमाचे पान एकदा नीट फिरवून आणावे. संगणकावर आठवड्यांची यादी डावीकडे दिसते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ती तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे लपते, आणि ते चिन्ह न सापडल्यामुळे कित्येक जण पहिल्याच व्हिडिओवर अडकून राहतात. प्रत्येक आठवड्यात व्याख्याने, वाचनसाहित्य आणि शेवटी गुणांचा स्वाध्याय असतो. काही विषयांत ‘शून्य’ क्रमांकाच्या आठवड्याचाही स्वाध्याय असतो. त्याचे गुण धरले जात नाहीत, त्यामुळे सरावासाठी तो उत्तम आहे.

तोच स्वाध्याय सर्वांकडून प्रत्यक्ष पाठवून घ्यावा. पान उघडल्यावर, आमच्या नोंदीनुसार आपण हा स्वाध्याय पाठवलेला नाही, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसते. उत्तरे निवडून अगदी खालचे ‘सबमिट’ बटण दाबल्यावर त्याऐवजी पाठवल्याची तारीख आणि वेळ दिसू लागते. पर्यायांच्या गोलात ठिपका दिसला म्हणजे उत्तर गेले असे समजून पान बंद करणारे विद्यार्थी दर सत्रात निघतात. तारीख-वेळ दिसेपर्यंत जागचे हलायचे नाही, एवढा एकच नियम त्यांना द्यावा. अंतिम मुदतीपर्यंत स्वाध्याय कितीही वेळा पाठवता येतो आणि शेवटी पाठवलेला धरला जातो, हे कळल्यावर मुलांची भीती बरीच कमी होते.

एनपीटीईएलच्या बहुतेक अभ्यासक्रमांत ही मुदत बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. आपल्याकडे बुधवारी रात्री लाइट असेलच आणि रेंज मिळेलच याची हमी कोण देणार? शक्य असल्यास मंगळवारी दुपारचा एक तास संगणक कक्षात याच कामासाठी राखून ठेवावा.

गुणांचा हिशेब विद्यार्थ्याला आकड्यांतच समजावून द्यावा. एनपीटीईएलमध्ये स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा आणि चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम तीन स्वाध्यायांची सरासरी धरतात. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. एखाद्याला स्वाध्यायात २४ आणि परीक्षेत २८ पडले, तर बेरीज ५२ होऊनही प्रमाणपत्र मिळत नाही. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात चार स्वाध्याय चुकले तरी चालतात, ही सवलत मात्र मी पहिल्या दिवशी सांगत नाही. पहिल्या दिवशी सांगितली की मुले पहिलेच चार सोडतात.

नेट, डेटा आणि वीज

एका तासाचे व्याख्यान ७२० च्या दर्जावर पाहिले तर एक जीबीच्या आसपास डेटा खर्च होतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये मग घरच्यांसाठी फारसे उरत नाही. फळा आणि शिक्षक यांपलीकडे पडद्यावर फार काही नसेल तर २४० चा दर्जा पुरतो. तो व्हिडिओवरील दातेरी चाकाच्या चिन्हातून कसा बदलायचा, हे हाताने करून घ्यावे. ही व्याख्याने बहुधा यूट्यूबवरही असतात. महाविद्यालयाच्या वाय-फायवर ती यूट्यूबच्या अॅपमध्ये साठवून घेतली की घरी रेंज नसली तरी पाहता येतात. व्याख्यानाचा लिखित मजकूर पीडीएफमध्ये मिळत असेल तर तो उतरवून घ्यावा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याचाच खरा आधार होतो.

ज्यांच्याकडे नेटची काहीच शाश्वती नाही त्यांना ‘स्वयम् प्रभा’च्या शैक्षणिक दूरचित्रवाणी वाहिन्यांबद्दल सांगावे. त्या जीसॅट-१५ उपग्रहावरून दिवसरात्र चालतात, डीडी फ्री डिशवर मिळतात, आणि रोजचा किमान चार तासांचा नवा कार्यक्रम त्याच दिवशी आणखी पाच वेळा दाखवण्याची त्यांची रचना आहे, म्हणजे सकाळी शेतात गेलेल्याला तोच पाठ रात्री पाहता येतो. स्वाध्याय मात्र दूरदर्शन संचावरून पाठवता येत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा नेटजवळ यावेच लागते.

परीक्षा केंद्र

अर्जात परीक्षेच्या शहरांचा पसंतीक्रम द्यावा लागतो, आणि विद्यार्थी सवयीने जिल्ह्याचे ठिकाण निवडतो. या परीक्षेचा जिल्ह्याशी काही संबंध नाही. आष्टीच्या विद्यार्थ्याला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते, तुळजापूरच्या मुलीला सोलापूर तासाभरावर आहे, आणि किनवटहून नांदेडला येण्यापेक्षा आदिलाबाद गाठणे सोपे आहे. त्या सत्राच्या यादीत ही शहरे आहेत का ते उघडून पाहावे आणि पहिली पसंती एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवावी. एनपीटीईएलची सकाळची परीक्षा ९ वाजता आणि दुपारची २ वाजता सुरू होते. सकाळची वेळ आल्यास लांबच्या विद्यार्थ्याला आदल्या रात्री मुक्कामी जावे लागेल, आणि मुलीबरोबर घरचे कोणी येणार असेल तर त्या खर्चाचाही विचार आधीच करावा लागेल.

परीक्षा संगणकावर असते. ज्याने संपूर्ण अभ्यासक्रम मोबाइलवर केला आहे त्याला माउसने उत्तर निवडणे, मागच्या प्रश्नावर जाणे आणि वेळ संपत आल्याची खूण ओळखणे यांचा सराव प्रयोगशाळेत किमान एकदा द्यावा. हॉल तिकीट निघाल्यावर ते छापून घ्यावे, सोबत मूळ ओळखपत्र ठेवायला सांगावे, आणि दोन्हींवरील नाव पुन्हा एकदा जुळवून पाहावे.

निकालानंतर

निकाल लागल्यावर ४० ते ५९ गुणांना साधे प्रमाणपत्र, ६० पासून ‘एलिट’, ७५ पासून ‘एलिट’सह रौप्य आणि ९० पासून सुवर्ण अशी एनपीटीईएलची वर्गवारी आहे. प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळते. ते उतरवून मेलमध्येही साठवावे. यानंतरचा टप्पा बऱ्याच ठिकाणी राहून जातो, तो म्हणजे महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाकडे प्रमाणपत्राची प्रत आणि श्रेयांक वर्ग करण्याचा अर्ज लेखी देणे. ऑनलाइन आले म्हणजे विद्यापीठाला आपोआप कळेल, असे विद्यार्थी धरून चालतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी, आणि सत्राची गुणपत्रिका हातात येऊन तीत ते श्रेयांक दिसेपर्यंत ती प्रत जपून ठेवायला सांगावे.